रस्ता बघून टायर घ्या



जून उजाडला, की घरोघर खर्चाची दोन तोंडे उघडतात. एक बियाण्या-खताचे आणि दुसरे पोरांच्या शाळेचे. याच दिवसांत पडवीतली सायकल बाहेर निघते, तिला तेलपाणी होते आणि टायर गेलेला असला तर बाजारच्या दिवशी नवा आणायचे ठरते.

आता बघा, बियाणे घेताना आपण किती चौकशी करतो! रान काळे की मुरमाड, पाणी किती, गेल्या साली त्यात काय होते, सारे मनात धरून मग पिशवी उचलतो. टायर घेताना मात्र दुकानदाराला एवढेच सांगतो, "एक सव्वीसचा टायर द्या." तो देतो, आपण आणतो. रस्ता कसला, ओझे किती, बसणार कोण, याचा विचारच नाही. ही चूक मीही केली आहे. तिच्यापायी माझ्या पुतणीचे कॉलेज सुटायची वेळ आली होती, म्हणून आज हा विषय काढला.

झाले असे. पुतणी दहावी झाली. अकरावीचे कॉलेज आमच्या वस्तीपासून सात किलोमीटर. पहिला अर्धा किलोमीटर गाडीवाट, पुढे थेट फाटकापर्यंत डांबरी सडक. दादा सायकल घ्यायला निघाला तेव्हा मीच शहाणपणा शिकवला. म्हणालो, "दादा, चांगला जाड, दात्यांचा टायर बघ. पोरगी घसरायची नाही." दादाने तशीच सायकल आणली. रंग झकास, टायर ट्रॅक्टरच्या टायरासारखा. सगळ्या वस्तीने कौतुक केले.

दिवाळीपर्यंत कौतुक संपले. पोरीचा पहिला तास रोज बुडू लागला. संध्याकाळी घरी आली की ती नुसती पडून राही. वहिनी एक दिवस म्हणाल्या, "पुरे झाले ते कॉलेज. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरूनच परीक्षा देईल." पुतणीला विचारले तर ती म्हणाली, "काका, ही सायकल चालतच नाही हो. ओढावी लागते. मांड्या भरून येतात."

मी स्वतः ती सायकल घेऊन सडकेवर गेलो. टायर गुंगुं आवाज करीत होता. सपाटीवर पाय थांबवला की सायकल लगेच मंदावत होती. टायरवर अंगठा दाबला, तर तो पिकल्या आंब्यासारखा आत गेला. दोष पोरीच्या पायांचा नव्हता. दोष मी सांगितलेल्या टायरचा आणि कोणीच न बघितलेल्या हवेचा होता.

टायर करतो काय?

हवेचा टायर ज्याने चालता केला, तो कोणी कारखानदार नव्हता. तो होता आपल्या ओळखीच्या धंद्यातला, जनावरांचा डॉक्टर. नाव जॉन बॉइड डनलॉप. मूळचा स्कॉटलंडचा, पण आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात व्यवसाय करीत असे. त्या काळी सायकलींना भरीव रबराची पट्टी असायची. आपल्या मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार दणके देते, म्हणून त्याने तिच्या चाकांवर हवा भरलेली रबरी नळी बसवली. १८८८ साली त्याने पेटंट घेतले आणि १८८९ साली बेलफास्टच्या शर्यतींत हवेच्या टायरच्या सायकलीने बाकीच्यांना मागे टाकले. त्याच्याही आधी, १८४५ साली, रॉबर्ट थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना कागदावर नोंदवली होती, पण तेव्हा ती चालली नाही.

म्हणजे टायरचा जन्मच मुळी खराब रस्त्यातून झाला. भरीव चाकाखाली खडा आला, की माणसासकट सायकल वर उचलली जाते आणि दाणकन खाली येते. हे उचलणे आपल्या पायांच्या ताकदीने होते. हवेचा टायर तेवढ्यापुरता आत दबतो, खडा पोटात घेतो आणि पुढे जातो. उचलण्याचा खर्च वाचतो. पण दबून पुन्हा फुगायलाही थोडी ताकद लागते. रबर जितके जाड आणि हवा जितकी कमी, तितका हा दुसरा खर्च वाढतो.

टायरची सगळी निवड या दोन खर्चांच्या हिशेबात आली. गुळगुळीत सडकेवर उचलण्याचा खर्च जवळजवळ नाही. तिथे हवा कडक आणि रबर बेताचे हवे. खडबडीत वाटेवर उचलण्याचा खर्च मोठा. तिथे टायर रुंद आणि हवा जरा मऊ हवी. माझी पुतणी चौदातले तेरा भाग गुळगुळीत सडकेवर चालत होती, ती उरलेल्या एका भागाचा टायर घालून!

कोणत्या वाटेला कोणता टायर?

डांबरी सडक: १ ३/८ इंचापासून १.७५ इंचापर्यंतची रुंदी आणि मधोमध सलग, जवळजवळ सपाट पट्टी असलेला टायर घ्यावा. दाते सडकेवर वाकतात, आवाज करतात, ताकद खातात आणि लवकर झिजतात. सपाट टायर पावसात घसरेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. मोटार वेगात पाण्यावर तरंगू लागते, म्हणून तिच्या टायरला पाणी काढून देणारे चरे लागतात. सायकलचा टायर अरुंद आणि वेग कमी. तो पाणी सहज बाजूला सारतो. मात्र झिजून आतले धागे दिसू लागलेला टायर पावसातच काय, उन्हातही ठेवू नये.

सिमेंटचा रस्ता: याला वरचाच टायर चालतो. पण लांबीच्या दिशेने गेलेल्या सांध्यात अरुंद टायर अडकून माणूस पडतो. सांधा जमेल तितका काटकोनात ओलांडावा, त्याच्या कडेकडेने चालू नये.

मुरूम आणि खडी: १.७५ ते २ इंच रुंदी आणि बारीक, जवळजवळ बसवलेली नक्षी. सुट्या खडीवर फार कडक हवा असली, की चाक खड्यावरून निसटते. थोडी हवा कमी केली तर टायर खडीला धरून राहतो.

कोरडी गाडीवाट: रुंद टायर आणि मोठे चाक दोन्ही उपयोगी. बैलगाडीच्या चाकोरीत उतरू नये. उतरलोच तर वळवून झटकन बाहेर काढायला जाऊ नये, पायउतार व्हावे.

वाळू किंवा खोल गाळ: इथे रुंद टायर आणि कमी हवा. टायर जमिनीला किती जोराने रुततो, ते साधारणपणे त्यातल्या हवेच्या दाबावर असते. घरी करून बघा. टायर पाण्याने ओला करून जुन्या वर्तमानपत्रावर उभा करा आणि सायकलवर बसा. उमटलेला ठसा बघा. थोडी हवा सोडून दुसरा ठसा घ्या. दुसरा मोठा येईल. तेच ओझे जास्त जागेवर वाटले गेले, म्हणून चाक कमी रुतते. पण हवा सोडायची ती तेवढ्या पट्ट्यापुरती. पुढे सडक लागली की पुन्हा भरायची.

ओली काळी माती: मराठवाडा-विदर्भातल्या आणि सोलापूरकडच्या वाचकांना हे सांगायला नको. पहिल्या पावसानंतर ही माती टायरला आणि मडगार्डला अशी चिकटते, की चाकच फिरत नाही. इथे रुंद, दाट दात्यांचा टायर उलटा त्रास देतो. दात्यांमध्ये माती भरते, टायर आणखी जाड होतो आणि मडगार्डमध्ये आवळून बसतो. दाते घ्यायचेच तर दूर दूर असलेले घ्यावेत, म्हणजे माती झडून जाते. चिखलाचा थर पातळ आणि खाली जमीन टणक असेल, तर अरुंद चाक चिखल कापून टणकाला लागते आणि बरे चालते. आमच्याकडे कॅरियरला एक चपटी काठी बांधलेली असते, माती काढायला. बांधाच्या गवतावरून सायकल हाताने नेणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

कोकणातला जांभा आणि शेवाळ: शेवाळलेल्या दगडावर कोणताच टायर टिकत नाही. खाली उतरावे. त्यात कमीपणा नाही.

आता प्रश्न येतो, आपल्या वाटेत हे सगळेच आहे, मग काय करायचे? उत्तर सोपे आहे. वर्षाचे जास्तीत जास्त दिवस आणि रोजचे जास्तीत जास्त अंतर ज्या रस्त्यावर जाते, त्या रस्त्याचा टायर घ्यावा. उरलेला तुकडा सांभाळून, वेळ पडली तर पायी काढावा. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, तेव्हापासून पुष्कळ गावांपर्यंत डांबर पोचले. रस्ते बदलले, पण जाड ते चांगले ही आपली समजूत तशीच राहिली.

सव्वीस म्हणजे सव्वीस नव्हे

आता चाकांच्या मापाचे सांगतो. इथे माझी दुसरी चूक कबूल करतो. पुतणीच्या सायकलला सडकेचा टायर आणायला मी तालुक्याला गेलो आणि आपला सव्वीसचा टायर मागून घेतला. घरी येऊन बघतो तो टायर रिमवर बांगडीसारखा सैल! दुकानदाराचा दोष नव्हता. मी माप अर्धेच सांगितले होते.

टायरच्या कडेला दोन प्रकारची मापे छापलेली असतात. एक इंचाचे, एक मिलिमीटरचे. इंचाचे माप फसवे आहे. जुन्या धाटणीच्या सायकलींच्या मापात अपूर्णांक असतो, उदाहरणार्थ २६ × १ ३/८. दात्यांच्या टायरच्या नव्या सायकलींच्या मापात दशांश असतो, उदाहरणार्थ २६ × १.९५. दोन्ही सव्वीसच, पण पहिल्याची रिमवर बसणारी कड ५९० मिलिमीटर व्यासाची आणि दुसऱ्याची ५५९ मिलिमीटरची. तब्बल ३१ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वा इंचाचा फरक! त्यात २६ × १ १/२ हे तिसरेच. त्याची कड ५८४ मिलिमीटर. ५९० ची रिम आणि ५८४ चा टायर अगदी जवळ वाटतात, म्हणून काही जण पान्याने ताणून चढवू बघतात. तसे केले तर टायरच्या कडेतली तार तुटते.

म्हणून मिलिमीटरचे माप वाचावे. त्यात आधी दोन आकडे, मध्ये रेघ आणि पुढे तीन आकडे असतात. ४०-६३५ म्हणजे टायर ४० मिलिमीटर रुंद आणि रिमवर बसणारी कड ६३५ मिलिमीटरची. हे आपल्या वाडवडिलांच्या काळ्या उंच सायकलचे, २८ × १ १/२ चे माप. पुढचे तीन आकडे जुळलेच पाहिजेत, त्यात एका मिलिमीटरची तडजोड नाही. आधीच्या दोन आकड्यांत थोडा फरक चालतो. हल्ली एकोणतीस इंची म्हणून महागडी सायकल मिळते. तिची रिम ६२२ मिलिमीटरची. म्हणजे आजोबांच्या अठ्ठावीसची रिम तिच्याहून मोठीच निघाली!

जुना टायर फेकण्याआधी त्यावरचे आकडे वहीत उतरून घ्या. उतरवता येत नसतील तर जुना टायरच पिशवीत घालून बाजारला न्या. एक हेलपाटा वाचेल.

चाक मोठे की लहान?

मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते आणि दगडावर सहज चढते. बैलगाडीचे चाक उंच का असते, ते आठवा. अठ्ठावीसचे चाक एका किलोमीटरला सुमारे ४४५ फेरे घेते, २६ × १.९५ चे सुमारे ४८३. पण मोठे चाक जड असते, त्याच्या तारा लांब असतात आणि आडव्या दणक्याने ते लवकर वाकडे होते. लहान चाक मजबूत आणि वळायला हलके.

मुलांच्या बाबतीत मात्र रस्त्याआधी उंची बघावी. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. "पोर वाढेल, मोठीच घेऊ" म्हणून अंगापेक्षा मोठी सायकल देऊ नये. नळीखालून पाय घालून चालवणारे पोर पडले, तर ते खडीवर आपटते. वीस किंवा चोवीस इंची चाकाने काम भागत असेल तर तेच बरे.

दूध, वैरण, खताची पिशवी न्यायची असेल तर मागच्या चाकाकडे लक्ष द्या. उंच काळ्या सायकलच्या तारा मोजून बघा. जुन्या पद्धतीप्रमाणे पुढे ३२ आणि मागे ४० असतात. ओझे मागे येते हे करणाऱ्याने ओळखले होते. एखादी तार तुटली तर लगेच बसवून चाकाचा आउट काढून घ्या. एका तुटल्या तारेचे ओझे शेजारणीवर पडते आणि मग त्याही तुटू लागतात.

हवा हा सगळ्यांत स्वस्त टायर

टायरच्या कडेला हवेचा दाब पौंडात छापलेला असतो. पुतणीच्या टायरवर ४० ते ६५ होता. तिच्या टायरात त्याच्या निम्मीही हवा नसावी. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी हवा बघावी. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त भरावी, ओझे असेल तर आणखी, पण छापलेल्या आकड्याच्या पुढे जाऊ नये. घरी मापक नसेल तर दुकानात बरोबर भरून घ्यावी आणि त्याच वेळी अंगठ्याने दाबून कडकपणा लक्षात ठेवावा. कमी हवेत खड्डा लागला, की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते. दोन शेजारी चिरा पडल्या असतील तर समजावे, काटा नव्हे, कमी हवा.

काटा मात्र वैरीच. सराटे आणि बाभळीचे काटे वाटेत असतील तर मधली पट्टी जाड असलेला टायर घ्यावा, थोडा जड चालला तरी. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडके फिरवावे. काटा आतच राहिलेला असला तर फडक्याला अडकेल. बोट फिरवू नये, रक्त निघेल.

आणखी एक. टायर एकच नवा घ्यायचा असेल, तर पुढचा चांगला टायर मागे टाकावा आणि नवा पुढे बसवावा. मागचे चाक बसले तर सायकल सावरता येते. पुढचे अचानक बसले तर माणूस तोंडावर पडतो. टायरवर बाण असेल तर चाक त्या दिशेने फिरेल असा बसवावा. आणि सायकल उन्हात, बसक्या टायरवर महिनोन् महिने उभी ठेवू नये. रबराला रॉकेल-तेल लागू देऊ नये, ते फुगते आणि कुजते.

पुतणीच्या सायकलला आम्ही अखेर २६ × १.७५ चा, मधे सपाट पट्टी आणि कडेला बारीक नक्षी असलेला टायर बसवला. रिम तीच, सायकल तीच. रविवारी हवा भरायचे काम तिने स्वतःकडे घेतले. जाताना आठ-दहा मिनिटे वाचू लागली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संध्याकाळी ती आल्यावर पुस्तक उघडू लागली. गाडीवाटेवर पावसाळ्यात ती अर्धा किलोमीटर सायकल हाताने नेई. सतरा नंबरच्या फॉर्मची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. कॉलेजला रोज जाऊनच ती बारावी झाली. सायकल आता तिचा धाकटा भाऊ वापरतो.

मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या कितीतरी शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या आहेत. बिहार सरकारने २००६ सालापासून अशीच योजना राबवली. सायकल दारात आली म्हणजे शाळा जवळ आली, असे आपण म्हणतो. पण तुमच्या घरातली मुलगी "सायकल जड चालते" म्हणाली, तर तिला आळशी म्हणू नका. आधी खाली वाकून टायरला अंगठा लावून बघा.